समुद्र जवळ म्हणून नदी तिकडेच वळत नाही

‘नदी नेहमी जवळच्या समुद्राला मिळते’ हा समज आपल्या बेळगाव-खानापूर भागात वर्षानुवर्षे फिरतो आहे. गोवा हाकेच्या अंतरावर असल्याने तो खरा वाटणे स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात पाणी अंतर पाहत नाही, उतार पाहते. जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाताना लागणाऱ्या कणकुंबीत, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. तिथून अरबी समुद्र सत्तर किलोमीटरच्याही आत आहे, तरी सह्याद्रीचा माथा पश्चिमेला आडवा असल्यामुळे ती पूर्वेकडे वळते, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेचा उतार सापडल्याने गोव्यात उतरते व तिथे मांडवी म्हणून ओळखली जाते.

हे पडताळायला समोच्च रेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा घ्यावा, आणि तो नसेल तर मोबाइलवरील उंचीचे आकडे पाहावेत: बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे, तर पूर्वेकडील, कृष्णेवरच्या आलमट्टी जलाशयाची पूर्ण पातळी सुमारे 519 मीटर आहे. पावसाळ्यात कणकुंबीच्या ओढ्यात पान सोडून पाहिले, तरी दिशा कळते.