संजय गांधी निराधार योजना: ठाणे आणि नवी मुंबईतल्या दिव्यांगांचे अर्ज नेमके कुठे अडतात

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये मिळतात; आधी १,५०० होते. अटी अशा: अपंगत्व किमान ४० टक्के, वय ६५ च्या आत (पुढे श्रावणबाळ योजना), महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. अर्ज आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात, संजय गांधी शाखेत करायचा. सोबत आधार, रेशनकार्ड, फोटो, बँक पासबुक. इथवर कुणाचे फारसे अडत नाही.

पहिली चूक तालुक्याची. पत्त्यात ‘नवी मुंबई’ असले म्हणून सगळ्यांचे तहसील एक नसते. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. बेलापूर आणि खारघरमध्ये एका स्टेशनचे अंतर, पण जिल्हा बदलतो. अपंगत्वाच्या तपासणीसाठीही आपल्याच जिल्ह्याचे रुग्णालय, किंवा जिथे उपचार घेतले ते सरकारी रुग्णालय धरावे लागते. आधारवर अजून गावाकडचा पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या.

दुसरा अडथळा टक्केवारीचा. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्के धरतात. अशा माणसाला प्रमाणपत्र मिळते, पेन्शन मिळत नाही. नजर मोजतात तीही चष्मा लावून. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार यूडीआयडी कार्डाला (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) रंग आहेत: ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० पर्यंत पिवळे, ८० आणि वर निळे. पांढरे कार्ड घेऊन ‘पगारा’साठी रांगेत उभे राहण्यात दिवस घालवू नका. सिव्हिल हॉस्पिटलचे जुने प्रमाणपत्र कपाटात असेल तर ते केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर चढवून यूडीआयडी करून घ्या. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची मुदतीची तारीख कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. नाव आधारवर आहे अक्षर न् अक्षर तसेच हवे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

वयाच्या पुराव्यावर पुष्कळ अंध अर्जदार उगाच हताश होतात, कारण ते शाळेतच गेलेले नसतात आणि शाळा सोडल्याचा दाखला नसतो. तो एकमेव पुरावा नाही. जन्मनोंदीचा उतारा, रेशनकार्डावर किंवा मतदार यादीत लिहिलेले वय, आणि यातले काहीच नसेल तर शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. खिडकीवरचा कारकून ‘एलसी आणा’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही बाकीचे पर्याय त्याला सांगा.

वास्तव्याच्या अटीतही असाच गैरसमज आहे. १५ वर्षे महाराष्ट्रात हवीत, ठाण्यात नव्हे. बीडहून तीन वर्षांपूर्वी ठाण्याजवळच्या दिवा इथे राहायला आलेल्या माणसाची बीडची वर्षे मोजली जातात, त्यामुळे गावचे जुने रेशनकार्ड फेकू नका. अकरा महिन्यांच्या भाडेकरारांवर विसंबून मात्र पंधरा वर्षे उभी राहत नाहीत.

सगळ्यात जास्त अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर पडतात. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नाहीत. एवढ्यात कळव्याच्या चाळीतली खोलीही भाड्याने मिळत नाही, पण अट कागदावर आहे तोवर तीच लागू. उत्पन्न ‘शून्य’ लिहू नका. मग घर कशावर चालते, हा तलाठ्याचा पहिला प्रश्न असतो. दुसरी गोष्ट तारखेची. एका वर्षाच्या दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला अर्ज मंजुरी देणाऱ्या समितीपुढे येईपर्यंत शिळा होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आधार दुरुस्त, मग यूडीआयडी, मग अधिवास, आणि उत्पन्नाचा दाखला सर्वांत शेवटी.

मंजुरीनंतरही पैसे येत नाहीत, याचे कारण बहुधा बँकेत सापडते. आता रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. बँकेत केवायसी झाली म्हणजे खाते अनुदानासाठी आधारला जोडले गेले असे नाही. जोडणीचा वेगळा अर्ज देऊन पोच घ्या. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे पडतात. अंध खातेदाराला ‘सोबत कुणाचे तरी नाव लावा’ असे सांगणारी शाखा भेटली तर ऐकू नका. स्वतंत्र खाते, चेकबुक, एटीएम नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे. वर्षातून एकदा हयातीची पडताळणी चुकली की हप्ता थांबतो.

नोकरीसाठी महास्वयम् पोर्टलवर नोंदणी करा. शीवच्या एटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारातल्या राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रात दिव्यांगांचे कौशल्य तपासून मार्गदर्शन करतात. हार्बरने येणाऱ्यांना चुनाभट्टी जवळ. सरकारी भरतीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यात अंध आणि अल्पदृष्टी मिळून १ टक्का. तरी जाहिरातीत ते पद अंधांसाठी सुनिश्चित (म्हणजे अंधांना करता येण्याजोगे म्हणून ठरवलेले) आहे का, हे शुल्क भरण्याआधी पाहा. प्रमाणपत्रावरची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधीची असावी. मुलाखतीपर्यंत मिळेल या भरवशावर फॉर्म भरणारे कागदपत्र तपासणीत बाद होतात. परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक हवा असेल तर तसे फॉर्ममध्येच नोंदवा, तासाला २० मिनिटे जादा वेळही मागा.

अर्ज देताना पोच घ्या. परत आला तर तोंडी ‘त्रुटी आहे’ यावर उठू नका. कोणती त्रुटी ते लेखी मागा. लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असलेला दाखला नाकारला तर पहिले अपील ३० दिवसांत करावे लागते, आणि ते दिवस नामंजुरीचा कागद हाती आल्यापासून मोजतात.