क्रूझ रद्द, पुढे ढकललेली की अजून अधांतरी? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

(यातील माहिती ३० नोव्हेंबर २०२० पर्यंतची आहे.)

नमस्कार,

कोरोनाच्या साथीमुळे मार्चमध्ये क्रूझ थांबल्या. तेव्हापासून क्रूझचे बुकिंग असलेल्या जवळपास प्रत्येक घरातून आम्हाला एकच प्रश्न येतो: "आमची बोट सुटणार कधी?" कुणाची सिंगापूरची फेरी मेच्या सुट्टीत होती, कुणी आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीसाठी अलास्का ठरवले होते, कुणी नुसतेच मुंबई-गोवा. पक्की तारीख आज कुणाकडेच नाही, क्रूझ कंपन्यांकडेही नाही. त्यांनी जाहीर केलेल्या तारखा या वर्षात किती वेळा बदलल्या ते तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून या पत्रकात आम्ही अंदाज बांधलेले नाहीत. तुमचे पैसे सध्या कुठे अडकले आहेत, कशाने ते सुटतील आणि कोणत्या घाईने बुडतील, तेवढेच सांगतो.

वेळ नसेल तर एवढे तरी वाचा: क्रूझ कंपनीने फेरी रद्द करण्याआधी तुम्ही स्वतःहून लेखी रद्द करू नका. आधी आम्हाला फोन करा.

आधी कोण रद्द करतो, यावर सगळे आहे

क्रूझचे पैसे दोन टप्प्यांत जातात. बुकिंगच्या वेळी अनामत आणि उरलेली रक्कम साधारणपणे निघण्याच्या साठ ते नव्वद दिवस आधी. ही दुसरी तारीख तुमच्या पावतीवर छापलेली असते आणि या वर्षी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. कंपनीने फेरी रद्द केली, तर भरलेली रक्कम परत किंवा तिच्या बदल्यात पुढच्या फेरीसाठी क्रेडिट, असे दोन पर्याय तुमच्यासमोर येतात. तुम्ही रद्द केली, तर रद्द करण्याचे आकार लागतात. निघण्याचा दिवस जवळ येईल तसे ते चढत जातात आणि अखेरच्या एक-दोन आठवड्यांत बहुतेक कंपन्या काहीच परत देत नाहीत.

भीतीपोटी किंवा घरच्यांच्या आग्रहाखातर अनेकांना वाटते की आत्ताच रद्द करून मोकळे व्हावे. ही भावना आम्हाला समजते. पण जी फेरी सुटण्याची शक्यताच कमी आहे, ती रद्द करण्याचा आकार तुम्ही कशाला भरायचा? उरलेली रक्कम भरण्याची तारीख येईपर्यंत थांबायला काहीच खर्च येत नाही.

खरा पेच त्या तारखेला पडतो. कंपनीने फेरी रद्द केलेली नाही, पण पैसे भरायची मुदत आली. अशा वेळी आम्ही तीन गोष्टी तपासतो. त्याच भाड्यात फेरी पुढच्या वर्षावर नेता येते का? या काळासाठी कंपनीने रद्द करण्याचे नियम सैल केले आहेत का? रॉयल कॅरिबियनने मार्चपासून निघण्याच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द करण्याची सवलत दिली आहे. मात्र त्यात रोख मिळत नाही, क्रेडिट मिळते. आणि तिसरे, अनामत सोडून देणे स्वस्त पडते का? काही वेळा पडते. पंधरा-वीस हजारांची अनामत वाचवायला तीन लाख आणखी अडकवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुदतीच्या निदान आठवडाभर आधी आमच्याशी बोला, आदल्या रात्री नको.

रिफंड घ्यावा की क्रेडिट?

क्रेडिट मोठे दिसते. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन यांसारख्या कंपन्यांनी भरलेल्या भाड्याच्या १२५ टक्के क्रेडिट देऊ केले. शंभराचे सव्वाशे म्हटल्यावर कुणालाही मोह होईल. पण ते क्रेडिट त्याच कंपनीत आणि ठरलेल्या मुदतीतच वापरावे लागते. बहुतेकदा ते बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळते, मुलाच्या किंवा भावाच्या नावावर करता येत नाही. सव्वाशे टक्के फक्त मूळ भाड्यावर असतात. बंदराचे कर, आधी घेतलेली पेयांची पॅकेज आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे परत येतात. ते आले की नाही हे नीट तपासावे लागते, कारण दोन्ही रकमा एकाच दिवशी येत नाहीत.

ज्यांना २०२२ मध्ये नक्की जायचे आहे, प्रकृती ठीक आहे आणि ही रक्कम लवकर लागणार नाही, त्यांनी क्रेडिट घ्यायला हरकत नाही. इतर सर्वांना आम्ही रोख रिफंडच सुचवतो. नोकरी अस्थिर असेल, घरात आजारपण असेल किंवा प्रवासी सत्तरीच्या पुढचे असतील, तर दुसरा विचारच नको.

यामागे आणखी एक कारण आहे. क्रेडिट म्हणजे त्या कंपनीवरचे तुमचे येणे, आणि कंपनी टिकली तरच ते वसूल होते. या वर्षी जूनमध्ये स्पेनच्या पुलमांतूरने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला आणि २० जुलैला ब्रिटनची क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस बंद पडली. आपल्याकडे जलेश क्रूझेस एप्रिल २०१९ मध्ये मोठ्या उत्साहाने सुरू झाली होती. त्यांच्या 'कर्णिका' या बोटीने मुंबई-गोवा केलेले अनेक जण आमच्या ग्राहकांत आहेत. ऑक्टोबरमध्ये जलेश बंद झाली आणि १९९० साली बांधलेली कर्णिका अलंगला तोडणीसाठी विकली गेली. बंद पडलेल्या कंपनीकडून पैसे मिळवताना ग्राहक रांगेत बराच मागे असतो. अशा कंपनीचे पैसे तुम्ही क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर 'सेवा मिळाली नाही' या कारणाखाली बँकेकडे लेखी चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागा. बँकांची मुदत कमी असते, म्हणून हे काम याच आठवड्यात करा. अर्ज आम्ही भरून देऊ.

रिफंडला दोन-तीन महिने लागत आहेत. पैसे कंपनीकडून तिच्या भारतातल्या प्रतिनिधीकडे, तिथून आमच्याकडे आणि मग तुमच्याकडे येतात. डॉलरमध्ये भरलेले पैसे परत येतात त्या दिवसाच्या दराने रुपये होतात. जानेवारीत डॉलर ७१ च्या आसपास होता, आता ७४ च्या. त्यामुळे काहींना थोडे जास्त रुपये मिळतील, पण पुढची क्रूझही तितकीच महागेल.

कुठे काय चालू आहे

सिंगापूरची बातमी वाचून सर्वाधिक फोन आले. ६ नोव्हेंबरपासून 'वर्ल्ड ड्रीम' पुन्हा निघू लागली, हे खरे आहे. पण ही बोट कुठल्याच बंदराला लागत नाही. दोन-तीन रात्री समुद्रात फिरून सिंगापूरलाच परत येते. प्रवासी निम्मेच, चढण्याआधी चाचणी, आणि तिकीट फक्त तिथल्या रहिवाशांना. 'क्वांटम ऑफ द सीज' डिसेंबरपासून याच पद्धतीने निघणार आहे. भारतातून पर्यटक म्हणून सिंगापूरला जाण्याची सोय आज नाही. तिकडे राहणारी तुमची मुले-सुना जाऊ शकतील, तुम्ही इथून नाही. शिवाय 'ड्रीम'ची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँगने ऑगस्टमध्ये वित्तसंस्थांची देणी चुकती करणे थांबवले आहे. त्यामुळे त्यांच्या नव्या बुकिंगसाठी सध्या आम्ही कुणाकडूनही अनामत घेत नाही.

युरोपात 'एमएससी ग्रँडिओसा' १६ ऑगस्टला जिनोवाहून आणि 'कोस्टा डेलिझिओसा' ६ सप्टेंबरला त्रिएस्तेहून निघाली. तिथे किनाऱ्यावर स्वतःच्या मनाने फिरता येत नाही, कंपनीच्या गटातूनच जावे लागते. ऑगस्टमध्ये नेपल्सच्या मुक्कामी एका कुटुंबाने गट सोडला, तर त्यांना परत बोटीवर घेतले नाही. आपल्याला मात्र पर्यटनासाठी शेंगेन व्हिसाच मिळत नसल्याने हा विषय तूर्त इथेच थांबतो.

अमेरिकेचे चित्र जास्त गुंतागुंतीचे आहे. तिथल्या सीडीसीने, म्हणजे साथरोग नियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, १४ मार्चला क्रूझवर बंदी घातली आणि ती वाढवत नेली. ३० ऑक्टोबरला बंदीच्या जागी सशर्त परवानगीचा आदेश आला. वर्तमानपत्रांत 'क्रूझ सुरू' असे मथळे आले, पण आदेश वाचल्यावर वेगळेच दिसते. आधी सर्व कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांची आणि विलगीकरणाची व्यवस्था, मग स्वयंसेवकांना घेऊन सरावाच्या फेऱ्या, मग प्रमाणपत्रासाठी अर्ज, तोही प्रवासी फेरीच्या निदान ६० दिवस आधी. त्यानंतरही सात दिवसांपेक्षा लांबची फेरी नाही. कंपन्यांच्या संघटनेनेच ३१ डिसेंबरपर्यंत अमेरिकेतून न निघण्याचे ठरवले आहे, आणि २१ नोव्हेंबरला सीडीसीने क्रूझप्रवासासाठी धोक्याची सर्वोच्च पातळी जाहीर केली.

अलास्कावाल्यांसाठी आणखी एक अडचण. परदेशी झेंड्याखालच्या बोटीने अमेरिकेत सुरुवात करून अमेरिकेतच फेरी संपवायची असेल, तर मध्ये परदेशी बंदर लागावे, असा तिथला १८८६ चा कायदा आहे. म्हणून सिएटलहून निघणाऱ्या बोटी कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. कॅनडाने मोठ्या क्रूझना आपली बंदरे २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंद ठेवली आहेत. ती पुढेही बंद राहिली, तर अमेरिकेने परवानगी देऊनही अलास्काची फेरी होणार नाही. अलास्काचा हंगाम मे ते सप्टेंबर. आमच्या मते २०२१ चा हंगाम धरून चालू नये. तारीख २०२२ वर नेता येत असेल तर न्या.

शिवाय भारतातून परदेशी जाणारी नेहमीची विमाने ३१ डिसेंबरपर्यंत बंद आहेत. 'एअर बबल'ची, म्हणजे ठरावीक देशांशी करार करून सोडलेली विमाने आहेत, पण पर्यटकाला व्हिसा नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

इतका वेळ का लागतो?

रिकामी बोट बंदरात उभी आहे, परवानगी मिळाली की निघाली, असे होत नाही. फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसे होती आणि सातशेहून अधिक जणांना लागण झाली. त्यात १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ कर्मचारी. आपल्यासाठी ही दूरची गोष्ट नव्हती. क्रूझवरच्या स्वयंपाकघरांत आणि केबिनमध्ये काम करणारी गोव्याची, कोकणाची, मुंबईची माणसे आपल्या ओळखीची असतात. एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी'चे शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईत उतरेपर्यंत त्यांच्या घरच्यांनी जे दिवस काढले, ते आम्हाला विसरता येत नाहीत. ही सगळी माणसे आज घरी आहेत. त्यांना परत बोलवायचे, विलगीकरणात ठेवायचे, बोटीचा दवाखाना वाढवायचा, आजारी प्रवाशाला उतरवून घेण्याचे करार प्रत्येक बंदराशी करायचे. यातले एक जरी अडले तरी फेरी रद्द होते.

आणि हे सगळे केले तरी खात्री नाही. याच महिन्यात बार्बाडोसहून निघालेल्या 'सीड्रीम वन' या छोट्या बोटीवर चढण्याआधी चाचण्या झाल्या होत्या. पहिल्याच फेरीत प्रवासी बाधित निघाले आणि कंपनीने वर्षअखेरपर्यंतच्या फेऱ्या रद्द केल्या.

लसीच्या बातम्या आशादायक आहेत, आपल्या पुण्यातली सीरमही तयारीत आहे. तरीही पासष्टीच्या पुढच्या, मधुमेह, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्या कुणालाही लस मिळेपर्यंत आम्ही क्रूझचे नवे बुकिंग करून देणार नाही. धंद्याचे नुकसान झाले तरी चालेल.

विमानाचे तिकीट, कर आणि विमा

क्रूझसोबत काढलेल्या विमान तिकिटांचा हिशेब वेगळा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १ ऑक्टोबरच्या निकालानुसार, २५ मार्च ते २४ मे या टाळेबंदीच्या काळात काढलेल्या आणि त्याच काळातल्या प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत मिळायला हवेत. त्याआधी काढलेल्या, पण प्रवास २४ मे पर्यंतचा असलेल्या तिकिटांचेही पैसे मिळतात. विमान कंपनी आर्थिक अडचणीत असेल, तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येणारे क्रेडिट मिळते, ते दुसऱ्याच्या नावावरही करता येते आणि त्यावर दरमहा थोडी वाढ मिळते. २४ मे नंतरच्या प्रवासाला ही सोय लागू नाही. एका विमान कंपनीने आमच्या काही ग्राहकांना क्रेडिटबद्दल कळवलेच नव्हते, म्हणून तिकिटाचा पीएनआर आमच्याकडे पाठवा, आम्ही तपासून सांगतो.

१ ऑक्टोबरपासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर ५ टक्के टीसीएस (ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर) घ्यावा लागतो, पॅन नसेल तर १० टक्के. हा आमचा आकार नाही. तो तुमच्या नावावर भरलेल्या कराच्या सरकारी नोंदीत (फॉर्म २६एएस) दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पण तोवर तेवढे पैसे अडकतात, हे धरून ठेवा.

प्रवास विम्याबद्दल गैरसमज फार आहे. साथीच्या भीतीने तुम्ही जाणे टाळले, तर नेहमीची पॉलिसी पैसे देत नाही. 'कोविडसह' असे लिहिलेल्या पॉलिसीतही उपचाराचा खर्च आणि फेरी रद्द झाल्याची भरपाई ही दोन वेगळी कलमे असतात. दोन्ही वाचूनच सही करा.

आम्हाला काय पाठवाल

बुकिंगची पावती, पैसे कसे भरले त्याचा पुरावा (कार्ड, चेक की ऑनलाइन), कंपनीकडून थेट आलेले ईमेल आणि प्रत्येक प्रवाशाच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत. पासपोर्टची मुदत जरूर पाहा. प्रवासानंतर सहा महिने शिल्लक लागतात आणि घरी बसलेल्या या वर्षात अनेकांची मुदत सरत आली आहे. कंपनीच्या ईमेलमधल्या 'क्रेडिट स्वीकारा' या बटणावर आम्हाला विचारल्याशिवाय दाबू नका, कारण एकदा स्वीकारल्यावर बहुधा रोख मागता येत नाही. ज्या फेऱ्या कंपनीने रद्द केल्या आहेत, त्यांवरचा आमचा सेवा आकार आम्ही पूर्ण परत करत आहोत, त्यासाठी अर्जाची गरज नाही. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १४४०४ वर तक्रार नोंदवता येते, कागद तयार करायला आम्ही मदत करू. कार्यालय सोमवार ते शनिवार सकाळी अकरा ते पाच उघडे आहे. ज्येष्ठांनी येऊ नये, फोन करावा. कागद घ्यायला आमचा माणूस तुमच्या दारात येईल.