बजेट परदेशप्रवास, स्वतःचा स्वतः (ठाणे-नवी मुंबई)

टूर कंपनीचं पॅकेज न घेता तिकीट, व्हिसा, राहणं, फिरणं सगळं स्वतः ठरवून मोजक्या पैशात परदेश बघून येणं याला बजेट परदेशप्रवास म्हणतात. ठाण्यात नि नवी मुंबईत घरोघरी याला सरळ "स्वतःचं स्वतः जाणं" असंच म्हणतात, कॉलेजची मुलं बॅकपॅकिंग म्हणतात. ग्रुप टूरमध्ये टूर मॅनेजर असतो, बस दारात उभी असते, रात्री वरणभात मिळतो, इथे यातलं काहीच नसतं. पण म्हणून हा प्रवास म्हणजे हाल काढणं असं समजू नये, कारण पैसे वाचतात ते उपाशी राहून नाही तर घरी बसून केलेल्या तयारीतून वाचतात, आणि जातात ते तिकडे पोचल्यावर घाईघाईत घेतलेल्या निर्णयांत.

हा प्रकार जगात जुना आहे. पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल जर्मनीतल्या आल्टेना किल्ल्यात १९१२ साली सुरू झालं. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातली तरुण मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल करत रस्त्याने काठमांडू आणि गोव्यापर्यंत यायची, १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेलं सोव्हिएत सैन्य यामुळे तो रस्ता बंद पडला. ठाण्यात याला एक वेगळी पूर्वतयारी आधीपासून आहे असं मला वाटतं, ती म्हणजे ट्रेकिंग. शुक्रवारी रात्री सॅक पाठीवर टाकून कसारा लोकल पकडणारा, हरिश्चंद्रगडावर गुहेत अनोळखी लोकांच्या शेजारी मॅट टाकून झोपणारा माणूस बँकॉकच्या आठ बेडच्या डॉर्मला घाबरत नाही, आणि सॅकमध्ये काय भरायचं नाही हेही त्याला कळतं.

पासपोर्ट

ठाणेकरांसाठी पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. साधा ३६ पानांचा पासपोर्ट १५०० रुपये, ६० पानांचा २०००, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. दहावी पास असाल तर सर्टिफिकेट जोडा म्हणजे ईसीआरचा, म्हणजे नोकरीसाठी काही देशांत जाताना सरकारी परवानगी लागते असा, शिक्का बसत नाही. बहुतेक देश पासपोर्ट निदान सहा महिने शिल्लक मागतात, हे लोक विसरतात आणि चेक-इन काउंटरवर अडकतात. आपल्याकडे आणखी एक भानगड नावाची. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, कधी पहिलं नावही बदललेलं असतं, आणि तिकीट काढणारा आधार कार्ड बघून काढतो. तिकिटावर, व्हिसावर, विम्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तसंच पाहिजे. लग्न ठरलेल्या मुलीने हनिमूनची तिकिटं जुन्या नावाच्या पासपोर्टवर काढली तर तोच पासपोर्ट घेऊन जावं, नवा नंतर करता येतो.

कुठे जायचं आणि कधी

खर्चाचा हिशोब दोन भागात करायचा. विमान, व्हिसा, विमा हा एकदाच होणारा खर्च, आणि राहणं, खाणं, फिरणं हा रोजचा. समजा जाऊन येऊन तिकीट २४ हजार पडलं तर सहा दिवसांच्या ट्रिपमध्ये दिवसाला ४ हजार नुसतं विमानाचे झाले, बारा दिवस राहिलात तर तेच २ हजार होतात. म्हणून कमी देश, जास्त दिवस हेच परवडतं. सात दिवसांत तीन देश करणारे लोक निम्मा वेळ विमानतळावर घालवतात आणि सगळ्यात जास्त खर्च त्यांचाच होतो, हे माझं ठाम मत आहे.

दिवाळी आणि मे महिन्यात तिकिटं चढतात हे सगळ्यांना माहिती आहे पण हवेचा विचार फार कमी लोक करतात. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामचं होई अन गाठणाऱ्यांना तिथला ऐन पावसाळा लागतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या गावात नदीचं पाणी गल्ल्यांत शिरतं. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबीच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस, तर पलीकडच्या सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत बीचसाठी सामुई बरं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने नेपाळ किंवा भूतान करावं, व्हिसा लागत नाही. नेपाळला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पण १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानाने जाताना नुसतं आधार कार्ड चालत नाही. भूतानला भारतीयांना माणशी दर रात्री १२०० रुपये विकास शुल्क भरावं लागतं, चौघांचं आठ रात्रींचं गणित केलं की ते ३८,४०० होतं, म्हणून भूतान जवळ असलं तरी फार स्वस्त पडत नाही.

व्हिसा

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला आणि ठाण्यातल्या पुष्कळ घरांतला पहिला परदेश तेव्हापासून बँकॉक झाला. पण व्हिसा नाही म्हणजे कागद नाही असं नाही. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, मलेशियाचंही तसंच आहे, दोन्ही उतरायच्या आधी तीन दिवसांत भरायची आणि दोन्ही फुकट आहेत. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या साइट्स याचे पैसे घेतात, तिथे कार्ड नंबर टाकू नका. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग प्रिंट करून हातात ठेवा, मोबाइल ऐनवेळी बंद पडतो. आणि हे माफीचे नियम बदलत राहतात तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा असं दोनदा त्या देशाच्या सरकारी साइटवर बघायचं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एजंट यालाच दुप्पट-तिप्पट घेतात, फॉर्म मात्र तोच भरतात. वाशीतल्या एका एजंटने माझ्या नात्यातल्या काकूंच्या फॉर्मवर जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटा टाकला, व्हिसा आला पण चुकीचा, परत फी भरून नवा काढावा लागला आणि भरपाई कोणीच दिली नाही. स्वतः भरलेला फॉर्म आपण चार वेळा तपासतो, एवढ्यासाठी तरी स्वतः भरावा.

युरोपचं प्रकरण मोठं. शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट, त्यात २९ देश आहेत, एका व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज टाकायचा सल्ला काही लोक देतात तो ऐकू नका. मे-जूनला जायचं तर जानेवारीतच हालचाल करा, सहा महिने आधीपर्यंत अर्ज घेतात. किमान ३० हजार युरो कव्हर असलेला विमा, सॅलरी स्लिप, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, बँक स्टेटमेंट. खात्यात आदल्या आठवड्यात अचानक चार लाख आलेले दिसले तर ते संशयाने बघतात, पैसे हळूहळू साठलेले दिसायला पाहिजेत. बऱ्याच देशांच्या अर्जासाठी बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जावं लागतं, कुर्ल्याला उतरून रिक्षा करायची, पण सकाळच्या गर्दीत फाइल सांभाळायची असते तेव्हा अपॉइंटमेंट शक्यतो अकरानंतरची घ्या.

पैसा

एका ट्रिपला परकी चलनाच्या नोटा साधारण ३ हजार डॉलरपर्यंत नेता येतात, पण एवढ्या कोणाला लागत नाहीत. थोड्या नोटा, एक फॉरेक्स कार्ड (आधी परकी चलन भरून ठेवलेलं) आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्ड असं तीन ठिकाणी वाटून ठेवायचं. साध्या क्रेडिट कार्डवर परदेशात दोन ते साडेतीन टक्के मार्कअप म्हणजे बँकेचा वरचा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, शून्य मार्कअपची कार्डं मिळतात ती आधीच काढून ठेवा. सगळ्यात जास्त पैसे लोक कुठे घालवतात तर मशीनवर "रुपयात भरायचं का" असं विचारतं तिथे. रुपये बघून बरं वाटतं आणि माणूस हो म्हणतो, पण त्यातला दर त्या मशीनवाल्याचा असतो आणि तो नेहमी महाग पडतो, तिथलं स्थानिक चलनच निवडायचं, एटीएमवरही. टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स कापतात, तो रिटर्न भरताना परत मिळतो पण तोवर पैसे अडकतात, स्वतः बुकिंग करणाऱ्याला ते सहसा टळतं. यूपीआय भूतान, नेपाळ, श्रीलंका, सिंगापूर, मॉरिशस, यूएई, फ्रान्स इथे काही ठिकाणी चालतं, सगळीकडे नाही, त्याच्या भरवशावर राहू नये.

विमानतळ गाठणं

हा भाग ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला फार महत्त्वाचा. दिवसाची फ्लाइट असेल आणि सामान कमी असेल तर ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो ३ पकडून पुढचंच स्टेशन टी-२, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली. वाशी-नेरुळवाल्यांनी कुर्ल्याला गाडी बदलून घाटकोपर गाठायचं. पण परदेशाची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची, तेव्हा मेट्रो बंद असते, म्हणून रात्री शेवटच्या मेट्रोआधी पोचून आत बसून राहणं हा टॅक्सीचे पैसे वाचवायचा साधा मार्ग आहे, फक्त एअरलाइन किती तास आधी आत घेते ते विचारून ठेवा. गाडीने निघालात तर घोडबंदर रोडचा आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा वेळ धरा, पावसाळ्यात दुप्पट धरा, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग कोणी ऐकत नाही.

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला, सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. त्याचा उपयोग असा की खारघर-पनवेलच्या माणसाला चेन्नई, कोलकाता किंवा कोचीला जाऊन तिथून स्वस्त परदेशी विमान पकडता येतं. मात्र दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, बॅगही आपणच उचलून परत द्यावी लागते, तेव्हा मध्ये निदान सहा तास ठेवा.

सामान आणि खाणं

स्वस्त विमानात हातात सात किलो, वर गेलं की काउंटरवरचा दर तिकिटाच्या बरोबरीला जातो. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, २० हजार एमएएचची चालते. सुकं खोबरंही चेक-इन बॅगेत नेऊ देत नाहीत, तेलामुळे पेट घेतं म्हणून, आणि लोणचं, तूप हातातल्या बॅगेत नको. खसखस यूएई आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेली गोष्ट आहे, आई प्रेमाने अनारसे आणि गोडा मसाला भरून देते त्यात खसखस असते, दुबईला जाताना ते घरीच ठेवा, हे मी कळकळीने सांगतोय. न्यूझीलंडला खायची वस्तू असेल तर कार्डावर लिहायचीच, लपवली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

बाकी भडंग, मेतकूट, दशम्या, कोरडा चिवडा चार दिवस छान पुरतात. हॉस्टेलमध्ये बहुतेक ठिकाणी किचन असतं, तांदूळ तिथेच मिळतो, मेतकूटभात होतो. पण दोन्ही वेळा इंडियन रेस्टॉरंट शोधत फिरू नका, तिथे जेवण स्थानिक खाण्याच्या तिप्पट पडतं. शाकाहारींनी व्हिएतनाममध्ये "चाय" हा शब्द लक्षात ठेवावा, त्याचा अर्थ चहा नाही, शाकाहारी. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी खूप लोक चाय खातात, आपल्या एकादशीसारखं, त्या दिवशी साध्या गल्लीतही मिळतं. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावरचं लाल अक्षर "जे" शोधा. नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही कारण माशाचं सॉस सगळ्यात पडतं.

हॉस्टेल स्टेशनपासून चालत अंतरावर आहे का ते आधी बघा आणि मग भाव, लांबचं स्वस्त हॉस्टेल रोजच्या टॅक्सीत महाग पडतं. स्वतःचं छोटं कुलूप न्या. मुली एकट्या जात असतील तर महिलांची वेगळी डॉर्म मिळते, आणि रात्री अकराच्या पुढे नव्या शहरात उतरणारी बस घेऊ नका.

फिरताना स्थानिक लोकं जे वापरतात तेच वापरायचं. जपानमध्ये पूर्वी रेल्वे पास घ्याच असं सांगायचे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५० हजारावर गेला, आता सुटी तिकिटं बरेचदा स्वस्त पडतात. स्कूटर भाड्याने घ्यायची तर आधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो, आणि त्या देशात तो मान्य आहे का तेही बघा, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते आणि बिल पूर्ण आपल्या डोक्यावर.

अडचण आली तर

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर कोणी गोड बोलून "आज बंद आहे, मी दुसरं देऊळ दाखवतो" म्हणालं तर ऐकायचं नाही, ते दुकानात नेतात, गेटवर जाऊन स्वतः बघायचं. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट, मग भारतीय दूतावास, घाई असेल तर तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं पण त्यावर फक्त भारतात परतता येतं, पुढचा देश नाही. म्हणून पासपोर्टची, व्हिसाची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत आणि एक फोटो घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते.

आता रिटायर झालेले आई-बाबाही मुलांच्या मागे न लागता दोघंच जायला लागलेत, नौपाड्यात आणि नेरुळमध्ये अशी जोडपी मी खूप बघितली आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी, त्याचे पैसे सहसा पडत नाहीत. विम्यात बीपी-शुगर आधीपासून आहे हे लपवू नये. गोळ्या डब्यांत काढून न नेता मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्याव्यात, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यूएईला परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि रोजच्या गोळ्या दोन भागात, अर्ध्या हातातल्या बॅगेत आणि अर्ध्या जोडीदाराच्या बॅगेत.