सगळ्यांच्या बिलात एकच रक्कम का येते? इन्स्टन्स मेथड आणि क्लास मेथडबद्दल, आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार. आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर ज्या संस्थांकडे आहे तिथे पायथनच्या फाईलला हात लावणारा जो कोणी असेल, ऑपरेटर असो नाहीतर सचिवांचा इंजिनिअर झालेला पुतण्या, त्याच्यासाठी हे लिहिलंय. क्लास म्हणजे काय आणि ऑब्जेक्ट कसा बनवायचा एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतोय. खालची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिलीत (पायथन 3 मधे अशी नावं खरंच चालतात, पण फाईलमधे आम्ही ठेवलेली इंग्रजी स्पेलिंगच राहू द्या, नाहीतर पुढच्या माणसाचा कीबोर्ड अडतो).

दर 1, 11 आणि 21 तारखेला, म्हणजे बिलाच्या दिवशी, आम्हाला सकाळी साडेसातच्या आत फोन येतो की बिलं निघाली, नावं बरोबर, कोड बरोबर, पण रक्कम सगळ्यांची एकच. आणि बाहेर माणसं दुधाचा पगार घ्यायला येऊन थांबलेली असतात. दहापैकी नऊ वेळा कारण तेच निघतं, म्हणून यावेळी सविस्तरच सांगतो.

तुमच्या संस्थेत दोन गोष्टी असतात बघा. एक भिंतीवरचा फळा, त्यावर दरपत्रक चिकटवलेलं, ते सगळ्यांसाठी एकच. आणि दुसरं प्रत्येक सभासदाचं पासबुक, त्यात ज्याचं त्याचं दूध. आमच्या कोडमधे सभासद नावाचा क्लास म्हणजे संस्थेची बाजू, आणि त्याचा प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे एकेक पासबुक. मेथड म्हणजे क्लासच्या आत लिहिलेलं फंक्शन. जी मेथड पासबुक हातात घेतल्याशिवाय काम करूच शकत नाही ती इन्स्टन्स मेथड, उदाहरणार्थ दूध_जमा, बिल, उचल_वजा. जी फळ्यापुरतं काम करते ती क्लास मेथड, उदाहरणार्थ दर_बदल.

इन्स्टन्स मेथडच्या कंसात पहिलं नाव सेल्फ असतं, हे तुम्ही रोज बघता पण ते काय आहे हे फार कमी जण थांबून बघतात. सेल्फ म्हणजे हातात घेतलेलं पासबुक. तुम्ही स47.बिल() लिहिता (स47 म्हणजे 47 नंबरच्या सभासदाचा ऑब्जेक्ट) तेव्हा पायथन आतल्या आत सभासद.बिल(स47) असंच करतो, टिंबाच्या आधी जो ऑब्जेक्ट आहे तो उचलून पहिल्या जागेवर बसवतो. क्लास मेथडला वर ॲट क्लासमेथड (@classmethod) अशी ओळ असते आणि तिथे पहिल्या जागेवर पासबुक न येता क्लास स्वतः येतो, त्याला आपण सीएलएस म्हणतो. फरक एवढाच आहे, पहिल्या जागेवर कोण बसतं.

आता ती चूक. मिल्क ॲनालायझरच्या फाईलमधून नोंदी वाचायच्या असतात, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आणि लूपमधे घाईघाईत लिहिलं जातं सभासद.दूध_जमा(7.5, 3.8, 8.6). कोणत्या सभासदाचं, ते सांगितलंच नाही, टिंबाच्या आधी क्लासचं नाव आहे. मग पायथन काय करतो, 7.5 ला सेल्फच्या जागी बसवतो, 3.8 ला लिटर समजतो, 8.6 ला फॅट, आणि ओरडतो की मिसिंग 1 रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट, एसएनएफ. इथेच माणूस फसतो, कारण एसएनएफ तर त्याने दिलेलाच असतो. डोळ्यासमोर 8.6 दिसतंय आणि एरर म्हणतोय दिला नाही! खरं तर कमी पडलाय सभासद, पण सगळे आकडे एकेक घर पुढे सरकल्यामुळे नाव शेवटच्याचं येतंय. कंसात सेल्फशिवाय काहीच नसलेली मेथड अशी बोलावली, सभासद.बिल(), तर मात्र एररमधे सरळ सेल्फचं नाव येतं, ते तरी लवकर कळतं.

इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते यानंतर. कोणीतरी सांगतो, किंवा नेटवर कुठेतरी दिसतं, की वर ॲट क्लासमेथड टाक, एरर जातो. आणि जातोच! कॉलेजात जावा शिकलेल्यांना तर ही सवयच असते, तिथे मेन स्टॅटिक असतं, त्यातून साधी मेथड बोलावली की नॉन-स्टॅटिकवाला एरर येतो आणि एडिटर स्वतःच सुचवतो की स्टॅटिक करून टाका. 2004 साली पायथन 2.4 मधे ही ॲटची खूण आली, त्याआधी फंक्शन लिहून झाल्यावर खाली वेगळी ओळ लिहावी लागायची. खूण सोयीची आहे, आम्हीही वापरतो, पण एक ओळ वर चिकटवली की काम झालं असं वाटायला लागतं.

ओळ चिकटवल्यावर पुढचा एरर येतो, टाइप ऑब्जेक्ट सभासद हॅज नो ॲट्रिब्यूट एकूण. हा एरर नीट वाचा हो, पायथन स्वच्छ सांगतोय की तुम्ही फळ्याला विचारताय तुझी दुधाची रक्कम किती, आणि फळ्याकडे रक्कम नसते. इथे थांबून आम्हाला फोन केला तर दोन मिनिटांचं काम असतं. पण नाही, एकूण = 0 ही ओळ इनिटमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमधून) उचलून वर क्लासमधे नेली जाते, आणि मग एकही एरर येत नाही, प्रोग्राम शांतपणे चालतो, आणि सगळ्या संस्थेचं दूध एकाच आकड्यात जमा होत राहतं.

मागे एका केंद्रावर आम्ही स्वतः जाऊन बसलो होतो तेव्हा तीनच सभासद घालून बघितलं. एकाची रक्कम 2,100 यायला हवी, दुसऱ्याची 3,450, तिसऱ्याची 1,800. तिघांच्या बिलावर छापून आलं 7,350. त्या ऑपरेटरने तीन रकमांची बेरीज कॅल्क्युलेटरवर केली आणि त्याचं त्यालाच सगळं समजलं, आम्हाला बोलावंच लागलं नाही. बिल काढताना सभासदाचा ऑब्जेक्ट बरोबर होता म्हणून नाव आणि कोड बरोबर, पण एकूण त्याच्या पासबुकात नव्हतंच, मग पायथन वर फळ्यावर जाऊन वाचून आला.

बरोबर उपाय असा. दूध_जमाला हात लावायचाच नाही. लूपमधे आधी सभासद शोधायचा, आमच्या फाईलमधे सगळे नावाची डिक्शनरी (कोड दिला की सभासद देणारी यादी) त्यासाठीच ठेवलीय, सगळे[कोड].दूध_जमा(7.5, 3.8, 8.6). झालं. कोड सापडला नाही तर तिथेच कीएरर (KeyError, म्हणजे हा कोड डिक्शनरीत नाही) येईल आणि तो यायलाच हवा, कारण नोंद नसलेल्या माणसाचं दूध कोणाच्या तरी नावावर जाण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला बरा.

याच्या उलटी चूकही होते, जरा कमी वेळा. दर बदलला म्हणून कोणी मेथडमधे सीएलएसच्या जागी सेल्फ, म्हणजे सेल्फ.दरपत्रक = नवीन असं लिहितं. त्याने फळा बदलत नाही, त्या एका पासबुकात वेगळा दर चिकटतो आणि बाकी सगळे जुन्या दराने. दर बदलायला सभासद.दर_बदल(नवीन) एवढंच वापरा. आणि स47.दर_बदल(नवीन) असं लिहिलंत तर एरर येणार नाही, पण दर सगळ्यांचाच बदलेल, 47 नंबरचा एकट्याचा नाही, हे लक्षात असू द्या.

आम्हाला विचारतात की मग क्लास मेथड ठेवलीतच कशाला, साधं फंक्शन नसतं चाललं? याचं उत्तर ओळीवरून नावाच्या मेथडमधे आहे. ती फाईलमधली एक ओळ घेते आणि नवा सभासद बनवून देते, म्हणजे ऑब्जेक्ट अजून जन्मालाच आलेला नसतो, तर सेल्फ कुठून आणणार? पायथनमधेच अशा कितीतरी आहेत, तारखेची डेट.टुडे घ्या किंवा डिक्शनरीची फ्रॉमकीज. आणि आत आम्ही सभासद(...) न लिहिता सीएलएस(...) लिहिलंय ते मुद्दाम. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून निघतो, म्हशीचा 6.0 आणि 9.0 धरून, त्यासाठी म्हैस_सभासद हा वेगळा क्लास सभासदवरूनच काढलाय. म्हैस_सभासद.ओळीवरून(...) म्हटलं की सीएलएसमुळे म्हशीवालाच सभासद बनतो. तिथे कोणी सभासद असं पक्कं नाव टाकलं तर म्हशीचं दूध गाईच्या हिशोबाने मोजलं जाईल आणि शेतकऱ्याचं नुकसान होईल, म्हणून ती ओळ कृपया बदलू नका. स्टॅटिक मेथडमधे सेल्फही नाही आणि सीएलएसही नाही, आमच्याकडे ती एकच आहे, पैशांचं राउंडिंग करणारी.

बरेच जण म्हणतात की तुम्ही कोड उघडा ठेवता म्हणून हे होतं, बंद करून द्या. आम्ही तसं करणार नाही. प्रत्येक संस्थेचा बोनस, खाद्याची उधारी, वाहतूक कपात वेगळी असते आणि त्यासाठी दर वेळी आमच्याकडे यावं लागावं हे आम्हाला पटत नाही. फक्त एक करा, बदल केला की बिलं काढायच्या आधी तपासणी नावाची फाईल चालवा. त्यात तीन खोटे सभासद आहेत, तिघांची रक्कम वेगवेगळी आली तरच पुढे जा. एक मिनिटसुद्धा लागत नाही. आणि फोन करताना एररची शेवटची ओळ पूर्ण पाठवा, अर्धा फोटो नको, त्या ओळीत टाइप ऑब्जेक्ट आहे की नाही यावरूनच आम्हाला अर्धं कळतं.

वार्षिक देखभाल करार असेल तर असं निस्तरायचे वेगळे पैसे घेत नाही. करार नसेल तर घेतो, कारण कोड दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात पण आधी वाटलेल्या चुकीच्या बिलांचा हिशोब जुळवायला अख्खा दिवस जातो आणि तो आमचा माणूस तुमच्याकडे बसून जुळवतो. नवीन ऑपरेटर आला असेल तर अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग आहे, तुमच्याच संस्थेत, तुमच्याच फाईलवर, त्यात वरची चूक मुद्दाम करायला लावतो आणि त्याच्याकडूनच शोधून घेतो. तारीख आधी कळवा, आणि 1, 11, 21 सोडून कोणतीही द्या, त्या दिवशी आमची सगळी माणसं फोनवर असतात.