भीतीकडून विवेकाकडे : किशोर खेळाडू आणि उत्तेजक-प्रतिबंध

१९६७च्या टूर द फ्रान्स शर्यतीत टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू डोंगराच्या चढावर कोसळून मरण पावला आणि त्याच्या शरीरात अँफेटामाइन हे उत्तेजक द्रव्य आढळले. पुढच्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये उत्तेजक चाचण्या सुरू झाल्या. हा सारा खटाटोप पकडण्याचा होता. शिकवण्याचा विचार त्यात जवळजवळ नव्हताच.

लहान वयाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उघडा पडला तो पूर्व जर्मनीत. तेथे १९७४पासून सरकारी योजनेखाली ओरल-टुरिनाबॉल या स्नायू वाढवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या खेळाडूंना दिल्या जात. त्यांत शाळकरी वयाच्या जलतरणपटू मुलीही होत्या, आणि ही जीवनसत्त्वे आहेत असे त्यांना सांगितले जाई. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तेथील माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना या प्रकरणी दोषी ठरवले. उत्तेजकांवर नैतिक शिक्षणाचा उपाय सुचवणाऱ्यांना हे प्रकरण अडचणीचे वाटायला हवे, कारण त्या मुलींच्या विवेकाला कोणी काही विचारलेच नव्हते.

दरम्यान अमेरिकेत ओरेगन येथील संशोधक लिन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांना १९९०च्या सुमारास असे दिसून आले की, दुष्परिणामांची नुसती भीती घातल्याने शालेय खेळाडूंचा स्टिरॉइडकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलत नाही. त्यातून ‘अ‍ॅटलस’ हा कार्यक्रम उभा राहिला. त्यात आहार, व्यायाम आणि नकार देण्याचा सराव या गोष्टी संघातील सवंगड्यांच्याच मदतीने शिकवल्या जात.

नैतिकतेचा धागा मात्र मानसशास्त्रातून आला. माणूस चुकीचे वागताना स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो, याचे विवेचन अल्बर्ट बंडुरा यांनी ‘नैतिक अलिप्तता’ या संकल्पनेतून केले होते. ‘सगळेच घेतात’, ‘सरांनी दिले म्हणून घेतले’, ‘संघासाठी घेतले’ या सबबी त्याच साच्यातल्या आहेत. बर्मिंगहॅम विद्यापीठातील मारिया कवुसानू आणि सहकाऱ्यांनी याच सबबींना हात घालणारे शिक्षण ब्रिटन व ग्रीसमधील तरुण खेळाडूंवर अजमावले आणि उत्तेजक घेण्याचा कल कमी झाल्याचे त्यांना आढळले. हा कल खेळाडूंनीच प्रश्नावलीत नोंदवलेला असल्याने, मैदानावरच्या वागण्याचा पुरावा म्हणून तो जपूनच वापरावा लागतो.

१९९९मध्ये स्थापन झालेल्या जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने (‘वाडा’) शिक्षणाचे स्वतंत्र मानक १ जानेवारी २०२१पासून लागू केले. खेळाडूची या विषयाशी पहिली ओळख चाचणीतून नव्हे, तर शिक्षणातून व्हावी, हे त्याचे सूत्र आहे. भारतात ती ओळख अनेकदा उलट्या क्रमाने होते. २०१२नंतरच्या दशकभरातील अल्पवयीनांच्या उत्तेजक आढळलेल्या नमुन्यांचा अभ्यास ‘वाडा’ने प्रसिद्ध केला, तेव्हा रशियानंतर भारताचा क्रमांक होता. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणी अधिकारी आल्याचे कळताच अनेक स्पर्धक निघून गेले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच धावपटू उरला.

आपल्याकडे तालमीत वस्ताद जो खुराक सांगेल तो निमूट घ्यायचा असतो, आणि शाळेत मूल्यशिक्षणाचा परिपाठ असला तरी ‘यात काय आहे?’ असे गुरूला विचारणे अजूनही उद्धटपणाचे मानले जाते. त्यामुळे विवेकाचा पाठ एकट्या मुलाला देऊन भागत नाही. ‘वाडा’च्या २०२१च्या जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संहितेनेही ही बाब ओळखली असून, अल्पवयीन खेळाडू दोषी आढळल्यास त्याच्या भोवतालच्या प्रशिक्षकांची व सहायकांची आपोआप चौकशी करणे तिने बंधनकारक केले आहे.