कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा वाढत नाही

‘आधी तळाशी दोन बोटं खडी घाला, म्हणजे पाणी साचत नाही,’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. घडतं मात्र उलटंच. बारीक मातीतलं पाणी खडीमधल्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. माती चिंब होईपर्यंत ते खडीच्या वरच अडतं. एरवी अगदी तळाशी राहिला असता तो ओला थर वर, थेट मुळांत येतो आणि मुळं कुजतात. पटत नसेल तर भिजलेला स्पंज आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल! मातीलाही अशीच उंची हवी, आणि खडी नेमकी तीच खाते. भोकावर एक खापरी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये म्हणून. नुसती काळी माती असेल, तर कुंडीभर मिश्रणच भुसभुशीत करा: परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) किंवा भाताचं तूस सढळ हाताने मिसळा.