जोड (कुस्ती)

मैदानात एकमेकांसमोर उभे राहणारे दोन मल्ल म्हणजे जोड. ती ठरवण्याला 'जोड लावणे' म्हणतात. कोल्हापुरात हे काम पैलवानाचे नव्हे. वस्ताद, म्हणजे तालमीतला गुरू, आणि मैदान भरवणारी कमिटी बोलतात, ज्याला लढायचे तो बहुधा शेजारी गप्प उभा असतो.

जत्रेच्या मैदानात आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या, म्हणजे किरकोळ बक्षिसाच्या कुस्त्या होतात. त्यांची जोड जागेवरच जुळते. दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभे करायचे, उंची-अंगलट बघायची आणि कुस्ती लावायची. मोठ्या इनामाच्या कुस्त्या मात्र आधीच बोललेल्या असतात आणि रुसवे तिथे सुरू होतात. पोस्टरवर एक नंबरच्या कुस्तीतल्या दोघांचे फोटो मोठे, मग नंबरागणिक लहान. दोन नंबरला छापलेला मल्ल स्वतःला सहसा एक नंबरचाच समजतो. उगवत्या पोराला भारी जोड देऊन दाबले, दुसऱ्याला हलकी जोड देऊन सांभाळले, ही कुरकुर तालमीच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षे चालते. कधी ती खरीही असते. वस्तादाला न विचारता परस्पर कुस्ती घेणे हा त्याचा अपमानच.

जोड साधली की गर्दी लोटते. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या, १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानात १९७६ साली युवराज पाटील आणि दिल्लीच्या गुरू हनुमानांचे शिष्य सतपाल लढले. कोल्हापूर विरुद्ध दिल्ली अशीच ती जोड होती. युवराज जिंकले.

याच्या उलट टोकाला नुरा कुस्ती, म्हणजे दोघांनी आतून ठरवून केलेली लढत. खडाखडी, म्हणजे डाव न टाकता नुसती हातांची झटापट, लांबली की प्रेक्षकांतून 'नुरा, नुरा' ओरडा होतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीतही निकाल आधीच ठरतो, पण तो आयोजक ठरवतो आणि मल्लाला तो पाळावा लागतो. १९९७ मध्ये मॉन्ट्रियलला मल्ल ब्रेट हार्टला अंधारात ठेवून कंपनीचा मालक विन्स मॅकमहन याने विजेतेपदाचा पट्टा प्रतिस्पर्धी शॉन मायकल्सला देववला. नुरा कुस्तीत मात्र बहुधा फसतो तो आयोजकच, आणि इनामाचे पैसेही त्याचेच.

१९६१ पासूनच्या महाराष्ट्र केसरीसारख्या स्पर्धांत वजनगट आणि सोडत असते. तिथे वस्तादाला जोडीवरून भांडता येत नाही, म्हणून तो पंचांनी दिलेल्या गुणांवरून भांडतो.